मौन वर्ग, परका गुरू

परदेशांत शिकविणाऱ्या अध्यापकास अवघड विद्यार्थी कोणता? दंगेखोर, असे सामान्यतः वाटते. पीटर हेसलर यांचे ‘रिव्हर टाउन’ (२००१) या समजुतीस धक्का देते. १९९६ ते १९९८ या काळांत हे अमेरिकन लेखक चीनमध्ये यांग्त्सेकाठच्या फूलिंग गावी, अध्यापक महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत होते. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले, शिस्तीची, कष्टाळू. शेक्सपिअरची नाटके ती रंगून करीत. परंतु राजकारणाचा नाजुक विषय निघाला, की साऱ्या माना खाली जात. गोंगाट दटावता येतो. मौनास कोण दटावणार?

हे मौन म्हणजे केवळ पढविलेली आज्ञाधारकता, असे लेखक प्रारंभी मानतात. त्यांतील स्वाभिमान त्यांना उशिराच उमगतो. पुस्तकाचे हे वैगुण्य खरे. पण त्याचे बळही तेथेच आहे. कारण मधल्या काळांत ते स्वतः चिनी शिकू लागतात आणि त्यांचे शिक्षक प्रत्येक उच्चाराला निर्विकारपणे ‘चूक’ म्हणतात. हा अपमान गिळल्यावरच समोरच्या खाली गेलेल्या माना त्यांना वाचता येऊ लागतात. परक्या गुरूने आधी शिष्य व्हावे, हे येथे उपदेशाविना पटते. अध्यापकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा.