'पोकळी' या शब्दाबद्दल

काबूल निफाडपासून वाटतं तितकं लांब नाही. कांद्याचे भाव चढले की अफगाणी कांदा येणार अशी बातमी येते आणि लासलगावला लगेच कान टवकारले जातात. पण सुरक्षेचा विषय निघाला की तिथे माणसं राहतात हेच आपण विसरतो. ३० ऑगस्ट २०२१ ला शेवटचा अमेरिकी सैनिक काबूलहून निघाला. तेव्हापासून आपले विश्लेषक एकच शब्द घोळवताहेत : 'पोकळी'. ती पाकिस्तान भरणार की चीन? माझा आक्षेप या शब्दालाच आहे.

एक तर तो कारण चुकीचं सांगतो. सोव्हिएत सैन्य १५ फेब्रुवारी १९८९ ला बाहेर पडलं. नजीबुल्लांचं सरकार लगेच कोसळलं का? नाही. ते एप्रिल १९९२ पर्यंत टिकलं. मॉस्कोची मदत आटली, तेव्हा पडलं. म्हणजे परक्या पैशावर उभी केलेली व्यवस्था पैशाबरोबर गेली. मागे उरली ती शस्त्रं आणि ती चालवायला शिकलेली माणसं. याला पोकळी कसं म्हणायचं? डिसेंबर १९९९ मध्ये आपलं विमान कंदाहारला नेलं गेलं, तेव्हा तिथे तालिबानचं राज्य होतं. तेव्हा भीती खोटी आहे, असं मी म्हणत नाही.

पण त्या भीतीपोटी आपण काय केलं? २५ ऑगस्ट २०२१ ला, भारताबाहेर असलेल्या अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. काही पासपोर्ट गहाळ झाल्याचं कारण दिलं गेलं. ठीक आहे, तपासणी कडक करा. पण पुण्यात शिकणारी, कोविडच्या काळात घरी गेलेली मुलं तिकडेच अडकली, त्यांचं काय? पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आले आणि काबूलचा दूतावास पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली. राज्यकर्त्यांशी बोलावंच लागतं, त्यात वावगं काही नाही. मात्र सत्ताधाऱ्याला दार उघडलं आणि २०२१ मध्ये विद्यार्थ्याला ते बंद केलं होतं, याला मी सुरक्षेचा विचार म्हणणार नाही. उद्या त्या देशात आपल्याबद्दल चांगलं बोलणारं कोण उरेल?

न्यायमूर्ती रानडे इथलेच. १८४२ साली निफाडला जन्मले. मराठी सत्तेच्या उदयाचं कारण त्यांनी एकट्या राजाच्या पराक्रमात शोधलं नाही, संतांनी जागवलेल्या समाजातही शोधलं. शेजारी देशाकडे आपण याच रीतीनं पाहायला हवं. तख्तावर कोण बसलंय ते बघाच, पण खाली कोण राहतंय तेही विचारा.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.