काहीतरी चुकले आहे

मराठीत कथा, कादंबरी, नाटक या सगळ्यांची समीक्षा झाली. लग्नपत्रिकेच्या तळाशी छापतात त्या 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' या वाक्याचाही कोणी ना कोणी समाचार घेतलाच आहे. संगणकाच्या पडद्यावर उमटणारी दिलगिरी हा वाङ्मयप्रकार मात्र उपेक्षित राहिला. मी पडलो बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. साहित्याशी माझा संबंध व्हाउचरवरच्या तपशिलापुरता. तरी ही समीक्षा लिहायला घेतली, कारण गेल्या वर्षी या साहित्याच्या एका ओळीने माझ्या मुलीचे वर्ष जवळजवळ गिळले होते.

झाले असे, की तिच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळी पाचची. मी रजा टाकून नेरूळच्या घरात संगणकापुढे बैठक मारली. आदल्या रात्री ब्राउझरने, आम्हाला न विचारता, स्वतःचे नूतनीकरण उरकून घेतले होते. कालपर्यंत बिनतक्रार राबणारा हा गडी कॉलेजांची यादी उघडताच पांढराफटक पडला आणि मधोमध इंग्रजीत एक ओळ आली. तिचा मराठी अर्थ : 'काहीतरी चुकले आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

आता या ओळीचे रसग्रहण करू. वाक्याला कर्ता आहे, पण तो फरारी आहे. 'काहीतरी' हे त्याचे टोपणनाव. चूक कबूल केली आहे. पण कोणाची, कुठे, कशामुळे, याबद्दल अवाक्षर नाही. उपाय सांगितला आहे तो असा, की जे केल्याने बिघडले तेच पुन्हा करा! क्रोमचे 'ऑ, स्नॅप!' याच घराण्यातले. जरा खेळकर इतकेच. इंटरनेट गेले की तिथे येणारा डायनासोर तर २०१४ पासून निवडुंगावरून उड्या मारतो आहे. 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' ही ओळ मात्र मला सरस वाटते. सिडकोच्या घरात शेजाऱ्यांची शिंक ऐकत राहणाऱ्याला ती आधीच पटलेली असते हे एक, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत कारण दिलेले असते हे दुसरे. कधी कधी संगणकाची तारीख चुकली आहे, एवढेच निघते. तारीख सुधारा, वाट मोकळी.

आमच्या बँकेत चेक परत करायचा तर सोबत मेमो जोडतात. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, अक्षरी आणि अंकी रकमेत फरक, चेक शिळा. (पूर्वी चेक सहा महिने टिकायचा, १ एप्रिल २०१२ पासून तीनच महिने.) हे वाङ्मय रूक्ष खरे, पण ते वाचून माणसाला पुढे काय करायचे ते कळते.

आम्हाला ते कळत नव्हते. हिने सुचवले, "बंद करून परत चालू करा." केले. मग कोणीतरी फोनवर म्हणाले, "कॅशे रिकामी करा." माझ्या पोटात गोळा आला, आमच्याकडे कॅश रिकामी करणाऱ्याला निलंबित करतात. तीही केली. मोबाईलवर यादी अर्धीच दिसत होती. दुसरा ब्राउझर म्हणावा तर आमच्या जुन्या यंत्रावर इंटरनेट एक्स्प्लोरर, आणि त्याला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजीच सेवानिवृत्त केलेले. साडेतीन वाजले. मुलगी बोलेनाशी झाली.

शेवटी वरच्या मजल्यावरचा मुलगा आला. म्हणाला, "काका, प्रायव्हेट विंडो उघडा." उघडली, आणि यादी दिसली!

"म्हणजे साईट ठीक, ब्राउझरही ठीक. प्रायव्हेटमध्ये एक्स्टेन्शनं बंद असतात. त्यातलंच एक नव्या आवृत्तीशी भांडतंय."

एक्स्टेन्शने निघाली आठ. त्याने आधी चार बंद केली, मग त्यांतली दोन, मग एक. बँकेत हिशेब जुळेना की फरकाला नऊने भाग जातो का बघतात. गेला तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल. तसलीच ही पद्धत. गुन्हेगार सापडला : सवलतीची कूपने शोधून देणारे एक्स्टेन्शन. ते मीच बसवले होते, कुकरच्या रिंगवर चाळीस रुपये सुटावेत म्हणून. पसंतीक्रम चार चाळीसला भरला. 'काहीतरी' म्हणजे मी, हे यंत्राने सकाळीच सांगितले असते तर मी रागावलो नसतो.

कारण सांगता येते. १३ जानेवारी २०२२ रोजी जगभरच्या लोकांचे फायरफॉक्स ठप्प झाले. त्या दिवशी बदल झाला होता भलतीकडेच, एका क्लाऊडवाल्याच्या यंत्रणेत. त्याने फायरफॉक्समधली एक निजलेली चूक जागी केली : एका शब्दातली अक्षरे कॅपिटल की स्मॉल, यावर आतल्या दोन भागांचे एकमत होईना, आणि कार्यक्रम एकाच जागी गरगरत राहिला. ऱ्हस्व-दीर्घासाठी छड्या खाल्लेल्या मराठी माणसाला यात नवल नाही. पण मोझिलाने पुढे या प्रकाराचा साद्यंत पंचनामा स्वतःच प्रसिद्ध केला. माझ्या मते या क्षेत्रातली ती अभिजात कृती आहे.

समीक्षा इथेच संपायची. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि शाखेची लिंक गेली. खिडकीपाशी दिवाळे गावच्या एक आजी पासबुक घेऊन उभ्या. मी सवयीने म्हणालो, "सिस्टीम बंद आहे, थोड्या वेळाने या."

"थोड्या वेलानं म्हंजे कवा? आनि झालं काय?"

मी गप्प. हीच ओळ मी वीस वर्षे सांगत आलो होतो. रोज, पगार घेऊन. उठलो, आत जाऊन विचारून आलो आणि म्हणालो, "आजी, बाहेर रस्ता खणताना केबल तुटलीय. माणूस दोनला येणार. तीनच्या आधी काही होणार नाही."

"मंग असं सांग ना," आजी पासबुक पिशवीत टाकत म्हणाल्या. "तवर मी बाजार करून येते."