कबुली लिहिली, जात गाळली

कायद्याचं कलमसुद्धा कवितेसारखं तपासून वाचलं पाहिजे. कोण बोलतोय, कोणाला गप्प बसवलंय, हे बघितलं पाहिजे.

५ जुलै २००६ पासून फौजदारी कायद्यात प्ली बार्गेनिंगचं प्रकरण आहे. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते कलम २८९ ते ३००. गुन्हा कबूल करायचा, शिक्षा कमी करून घ्यायची. मी गिरणीत राबणारा, घासाघीस मला समजते. आरोपी कबुली देतो, सरकार शिक्षेत सूट देतं. फिर्यादी काय देतो? आपली साक्ष. ती भर कोर्टात कधी उभीच राहत नाही.

सौद्यातून काही बाहेर येतं, हे नाकारून चालणार नाही. डेव्हिड हेडलीने मार्च २०१० मध्ये शिकागोत १२ आरोप कबूल केले. मुंबई हल्ल्याआधीची टेहळणी त्याच्याच तोंडून नोंदली गेली. बदल्यात फाशी टळली आणि भारताच्या हवाली न करण्याचं वचन मिळालं. सीएसटीवर ज्यांची माणसं मेली, त्यांना तो इथल्या पिंजऱ्यात कधी दिसला नाही.

आता आपलं बघू. अ‍ॅट्रॉसिटी कायदा आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा ११ जुलै २००६ च्या अधिसूचनेने या सौद्याबाहेर ठेवले. ठीक झालं. पण बाहेर राहिला तो कायदा. मार आतच राहिला. फिर्यादीत जातीवरची शिवी गाळली, साधी दुखापत तेवढी नोंदली, की दार उघडलं. मग आरोपी म्हणणार, रागाच्या भरात हात उचलला, कबूल. मारलं हे खरं. का मारलं, ते कागदावरून गेलं. अशा निकालावर नेहमीचं अपीलही नाही.

दुसरी बाजूही बघा. आपलाच पोरगा किरकोळ चोरीच्या आरोपात आत सडतो, जामिनाला पैसे नाहीत, म्हणून न केलेलं कबूल करतो. न्यायाधीश त्याला एकट्याला विचारतात, खुशीने करतोस ना? त्याच्या 'हो'मध्ये त्याची गरिबी कुठं लिहिलेली असते?

आमच्या बांद्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, "मिटवून टाका रे, कोर्टाची पायरी कित्याक चढतास?" सौदा असा कोर्टाच्या आधीच सुरू होतो, फिर्यादीच्या पहिल्या ओळीपासून. म्हणून दोस्तांनो, फिर्याद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. शिवी जशीच्या तशी लिहायला लावा. नक्कल फुकट मिळते, ती खिशात घालूनच ठाण्यातून बाहेर पडा.