कंपवात आणि स्पर्शज्ञान : पार्किन्सन यांच्या व्याख्येचे पुनर्परीक्षण

लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणारे जेम्स पार्किन्सन यांचा कंपवातावरील छोटेखानी निबंध १८१७ साली प्रसिद्ध झाला. हातांचा कंप, धडाचे पुढे झुकणे, चालता चालता धावू लागणे ही लक्षणे त्यात इतक्या नेमकेपणाने टिपली आहेत की निरीक्षणाचा नमुना म्हणून तो आजही वाचावा. परंतु रोगाच्या व्याख्येत ज्ञानेंद्रिये व बुद्धी अबाधित राहतात असे जे विधान त्यांनी जोडले, त्याचा आधार मात्र तोकडा आहे. निबंधातील रुग्ण अवघे सहा. त्यांपैकी दोघे रस्त्यात भेटलेले आणि एक तर केवळ दुरून पाहिलेला. दुरून पाहिलेल्या माणसाच्या बोटांना काय कळते, हे कोणास सांगता येणार? तथापि पार्किन्सन यांना दोष देणे अप्रस्तुत होय. स्पर्शाच्या मापनाचा पाया घालणारा वेबर यांचा ग्रंथ निघावयास अजून सतरा वर्षे होती. दोष द्यावयाचाच तर तो हे विधान सिद्धांत मानून चालणाऱ्या पुढील पिढ्यांना द्यावा लागेल.

कापसाचा बोळा टेकवला किंवा टाचणी टोचली तर कंपवाताचा रुग्ण ते सहसा अचूक सांगतो. एवढ्यावरून त्याचे स्पर्शज्ञान शाबूत ठरविणे म्हणजे वेदन आणि अवबोध यांची गल्लत करणे होय. सथियन व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोटाच्या पेरावर बारीक खाचांचा पृष्ठभाग टेकवून खाचांची दिशा विचारण्यात आली. त्यात समवयस्क निरोगी व्यक्तींहून रुग्ण उणे ठरले. ‘समवयस्क’ हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण वार्धक्यानेही स्पर्श बोथटतो.

यावर एक आक्षेप सहज सुचतो, आणि तो क्षुल्लक नाही. काट्झ यांनी १९२५ मध्ये आणि गिब्सन यांनी १९६२ मध्ये दाखविले की हात फिरविणे हेच स्पर्शाचे साधन आहे. मग ज्याचा हात मंद वा कंपित, त्याला कमी कळावे यात नवल कोणते? उणीव वेदनात नसून हालचालीतच असेल.

या आक्षेपाला सबळ उत्तर कंपवातातून नव्हे, तर डिस्टोनियाच्या, म्हणजे स्नायू आपोआप पिळवटणाऱ्या विकाराच्या, अभ्यासातून मिळते. लागोपाठ दिलेले दोन स्पर्श वेगळे ओळखण्यास या रुग्णांना अधिक कालांतर लागते. आणि हालचाल पूर्णतः निर्दोष असलेल्या त्यांच्या काही नातलगांतही हाच दोष आढळतो. जेथे हालचाल बिघडलेलीच नाही, तेथे तिच्यावर खापर फोडता येत नाही. मान पिळवटणाऱ्या रुग्णाने हनुवटीला नुसते बोट लावले तरी मान काही काळ सरळ होते, काहींत तर त्या स्पर्शाच्या कल्पनेनेही. एकेकाळी यामुळेच विकार मानसिक ठरविला गेला, ही रुग्णांवर झालेली विटंबनाच होती.

मात्र कालांतराच्या या कसोटीवरही फाजील भिस्त ठेवू नये. दोन प्रकाशबिंदूंच्या बाबतीतही अशीच दिरंगाई दिसते. म्हणजे कसोटी मोजते ते स्पर्श की कालबोध, की केवळ उत्तर ठरविण्यातील विलंब, हा प्रश्न उरतोच. आणि तो सोडविल्याशिवाय ‘स्पर्शदोष’ ही संज्ञा जपून वापरणेच इष्ट.