'वार्निश' आणि खासगी पानाचा प्रश्न

'वार्निश' हा रिव्हर्स प्रॉक्सी सर्व्हर २००६ मध्ये नॉर्वेतील 'व्हेर्डेन्स गांग' या वृत्तपत्राच्या गरजेतून निर्माण झाला. बातमीचे पान सर्वांना सारखेच. एकदा सिद्ध झालेली प्रत हजारोंना देणे तेथे रास्तच होते. लॉगिन केलेल्याचे पान मात्र त्याचे एकट्याचे. म्हणूनच कुकीसह आलेली विनंती वार्निश मूलतः साठ्यातून न भागवता मूळ सर्व्हरकडे धाडतो. पुष्कळांना हा सावधपणा वेगातील अडसर वाटतो व कुकीकडे दुर्लक्ष करून ते पाने साठवू लागतात. प्रस्तुत लेखकास हा प्रकार अक्षम्य वाटतो. साठवणीच्या चुकीच्या नियमांमुळेच २५ डिसेंबर २०१५ रोजी 'स्टीम' या संगणकीय खेळांच्या दुकानात एकाचे खाते दुसऱ्यास दिसले. सुमारे ३४,००० ग्राहकांची माहिती उघड झाली असण्याचा संभव कंपनीने मान्य केला. वास्तविक सामायिक भाग साठवून खासगी तुकडा दर वेळी नव्याने जोडणारी 'ईएसआय' पद्धती २००१ पासून ज्ञात आहे आणि वार्निशमध्ये तिची सोयही आहे.