मॅझिनीचे मराठी रूप आणि क्रांतीची फलश्रुती

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय क्रांत्यांचा मराठी वाङ्मयाशी असलेला संबंध सांगताना वि. दा. सावरकरांच्या 'जोसेफ मॅझिनी' (१९०७) या ग्रंथाचा उल्लेख अटळ ठरतो. मात्र तो बहुधा राजकीय चळवळीचे एक साधन म्हणून होतो. त्याच्या कथनरूपाची चिकित्सा क्वचितच होते. १९०६ साली लंडनला गेल्यावर सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्रपर व राजकीय लेखन इंग्रजीवरून मराठीत आणले आणि त्याला दीर्घ प्रस्तावना जोडली. बाबाराव सावरकरांनी प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ टिळक आणि शि. म. परांजपे यांना अर्पण केलेला होता. पुढे तो सरकारजमा झाला. तरुणांनी प्रस्तावना मुखोद्गत केली होती, असे चरित्रकार नोंदवितात. येथे विचार करावयाचा आहे तो मुख्यतः या प्रस्तावनेचा.

क्रांतीची कारणे त्या काळच्या मराठी वाचकाला परकी वाटण्याजोगी नव्हती. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने केलेले इटलीचे तुकडे, लोंबार्डी-व्हेनिसवरील ऑस्ट्रियाचा अंमल, कार्बोनारी या गुप्तमंडळाचे अपयश आणि त्यातून १८३१ साली मार्सेय येथे स्थापन झालेली 'यंग इटली' ही मालिका त्याला आपल्या परिस्थितीशी ताडून पाहता येत होती. १९०४ साली 'मित्रमेळ्या'ने घेतलेल्या 'अभिनव भारत' या नावातही त्या संस्थेचा पडसाद आहे.

अडचण कारणांपाशी नसून फलश्रुतीपाशी आहे. मॅझिनी म्हणजे रामदास आणि गॅरिबाल्डी म्हणजे शिवराय, असे साम्य प्रस्तावना कल्पिते. (रामदास-शिवाजी संबंधाच्या ऐतिहासिकतेचा वाद येथे अप्रस्तुत आहे, प्रश्न रूपबंधाचा आहे.) दृष्टांत निवडला की त्याचा शेवटही पत्करावा लागतो. गुरूचा उपदेश, शिष्याचा पराक्रम आणि परिणती राज्याभिषेकात, असा या आख्यानाचा क्रम आहे. इटलीच्या इतिहासात राज्याभिषेकाची जागा व्हिक्टर इमॅन्युएलकडे जाते. परंतु 'यंग इटली'ची उद्दिष्टे दोन होती: एकसंध राष्ट्र आणि प्रजासत्ताक. १८७० साली रोम घेतले गेले तेव्हा पहिले पूर्ण झाले आणि दुसरे बाजूला पडले. त्या सप्टेंबरात मॅझिनी कोठे होता? गाएताच्या किल्ल्यात, त्याच इटालियन राजसत्तेच्या कैदेत. राज्याभिषेकाच्या वेळी गुरू बंदिवासात असावा, हे रामदासी आख्यानात बसणारे नाही. १८४९ चे रोमचे प्रजासत्ताकही त्यात बसत नाही. मॅझिनी ज्याच्या त्रिसदस्य मंडळात होता, ज्याच्या संविधानाने देहान्तशासन रद्द केले आणि जे फ्रेंच प्रजासत्ताकाच्याच सैन्याने जुलैमध्ये मोडून काढले, ते राज्य विजयकथेला गैरसोयीचे आहे.

फलश्रुतीचा प्रश्न उघडपणे विचारला गेला तो 'हिंद स्वराज्य' (१९०९) मध्ये. वर्धा जिल्ह्यात, हिंगणीसारख्या गावांतून येणारे आमचे विद्यार्थी या पुस्तकाचे नाते सहजच सेवाग्रामशी जोडतात. वस्तुतः गांधीजी सेगावला राहावयास आले १९३६ साली. पुस्तक लिहिले गेले त्याआधी सत्तावीस वर्षे, 'किल्डोनन कॅसल' जहाजावर, लंडनमध्ये सावरकरांशी गाठ पडल्यानंतर काही आठवड्यांतच. इटलीवरील प्रकरणात गांधीजी विचारतात की, ऑस्ट्रिया गेला, पण इटलीच्या कष्टकऱ्यांच्या हाती काय आले? येथेही रूपबंधच निर्णायक आहे, असे मला वाटते. 'वाचक' आणि 'अधिपती' यांच्या संवादाला राज्याभिषेकाची गरज नसते, प्रतिप्रश्न पुरतो.

तथापि गांधीजींच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होणे घाईचे ठरेल. त्यांचा मॅझिनी हा कर्तव्याचा उपदेशक आहे. १९०५ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी त्याचा गौरव केला तोही मुख्यतः त्याच्या चारित्र्याचा. प्रजासत्ताकासाठी कट रचणारा, सशस्त्र उठावांच्या योजना आखणारा मॅझिनी तेथे मागे सरतो. सावरकरांनी त्याचे साधन स्वीकारले आणि साध्याचा अर्धा भाग आख्यानाच्या ओघात निसटू दिला. गांधीजींनी साध्याचा प्रश्न जागा ठेवला, साधन नाकारले.

उरलेला मॅझिनी या दोन्ही ग्रंथांच्या बाहेर आहे. १८६६ साली मेसिनाच्या मतदारांनी त्याला संसदेवर निवडून दिले. जुन्या देहान्तशिक्षेमुळे ती निवड रद्द झाली. पुढे निवड मान्य झाली तेव्हा राजनिष्ठेची शपथ घ्यावयास त्याने नकार दिला. १० मार्च १८७२ रोजी, एकसंध झालेल्या इटलीतच, पिसा येथे तो वारला तेव्हा तो खोट्या नावाने राहत होता.