मानकऱ्यांची यादी आणि आपली माणसे

महाराष्ट्र दिन जवळ आला, एखाद्या संमेलनाची स्मरणिका निघाली किंवा जिल्ह्याच्या गौरवग्रंथाचा घाट घातला गेला, की मानकऱ्यांची यादी तयार होते. सातारा आणि सांगली हे या बाबतीत भाग्यवान जिल्हे. जुन्या साताऱ्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज, जत ही संस्थाने मिळून 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला. 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांची माणसे आजही एकत्रच मोजली जातात. नायगावच्या सावित्रीबाई, येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, देवराष्ट्रेचे यशवंतराव, वाटेगावचे अण्णा भाऊ, गोळेश्वरचे खाशाबा जाधव, सांगलीचे विष्णुदास भावे. ही नावे आमचीही आहेत. ती उच्चारताना आम्हाला परकेपणा वाटत नाही.

प्रश्न पडतो तो यादीच्या शेवटी. तिथे बहुधा एक मुसलमान नाव येते, अब्दुल करीम खाँ. त्यांच्या नावापुढे ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक’ एवढे एक विशेषण येते आणि प्रकरण संपते. इतर मानकऱ्यांना त्यांचे काम असते, आमच्या माणसाला प्रतीक व्हावे लागते.

दुसरी एक यादी मुस्लिम संस्थांच्या कार्यक्रमांत वाचली जाते. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेले मुसलमान सरदार, स्वातंत्र्यलढ्यातले मुसलमान, मराठीत लिहिणारे मुसलमान. ही यादी का लागते, हे सातारा-सांगलीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रतापगड याच भागात आहे. शाळेतल्या मुलाला इथल्या इतिहासात ठळकपणे भेटणारा मुसलमान म्हणजे अफजलखान. 2009 साली गणेशोत्सवात त्याच प्रसंगाच्या चित्राच्या कमानीवरून मिरज पेटली. 2023 च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातील पुसेसावळीत मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. अशा वेळी माणूस आपल्या चांगल्या माणसांची नावे घेऊन उभा राहतो. त्यामागची वेदना खरी आहे. पण गौरव हा निष्ठेचा दाखला झाला की त्यात माणूस उरत नाही. दाखल्यावर फक्त नाव आणि शिक्का लागतो. दाखला मागणाऱ्याचे समाधान तर कधीच होत नाही.

म्हणून या दोन्ही याद्या बाजूला ठेवून माणसांकडे पाहावे असे आम्हाला वाटते.

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. मिरजेला ते स्थायिक झाले आणि 1937 साली प्रवासात मद्रासजवळ निधन झाल्यावर मिरजेतच ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणे होते. ही झाली सर्वांना माहीत असलेली कथा. पण हाच माणूस 1913 साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढतो, कर्नाटक संगीताचा अभ्यास करून त्यातले स्वरविचार आपल्या गायकीत आणतो, मराठी नाट्यपदे ध्वनिमुद्रित करतो, सवाई गंधर्वांसारखा शिष्य घडवतो. मुसलमान उस्तादांनी विद्या लपवून ठेवली, ती पुढे इतरांनी खुली केली, असे संगीताच्या इतिहासात वारंवार सांगितले गेले. खाँसाहेबांचे विद्यालय हे त्या विधानाला दिलेले उत्तर आहे. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी त्यांचे विस्तृत चरित्र मराठीत लिहिले. जानकी बखले यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात हा वाद नव्याने मांडला. आमच्या गौरवपर लेखांत मात्र दर्ग्यात गाऊन आजार बरा झाल्याची आख्यायिकाच पुन्हा पुन्हा येते. आख्यायिका गोड आहे, पण तिच्यापुढे विद्यालय दिसेनासे होते.

त्याच मिरजेत दुसरी एक परंपरा आहे. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या. पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, त्यावर दांडी बसवायची, घोडी घासून जवारी लावायची. जवारी नीट लागली नाही तर मोठ्या गवयाचा षड्जही कोरडा वाटतो. हे काम कानाचे आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिक्षणाचे आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांनी दखल घेतली. पण कारागीर हा विचार करणारा माणूस असतो, हे मानून लिहिलेले मराठी लेखन फार थोडे आहे. आपल्या समाजातला मोठा वर्ग कारागिरांचा आहे. मानकऱ्यांच्या यादीत हातांना जागा नसेल, तर ती यादी आपल्या समाजाचे चित्र देऊ शकत नाही.

इलाही जमादार यांचे उदाहरण वाङ्मयीन आहे. मिरज तालुक्यातल्या दुधगावात 1946 साली त्यांचा जन्म झाला, 2021 च्या जानेवारीत ते गेले. ‘जखमा अशा सुगंधी’ने त्यांचे नाव घराघरांत नेले. भीमराव पांचाळे यांनी त्यांच्या गझला गायिल्या. त्यांच्याविषयी लिहिताना ‘उर्दूचा वारसा रक्तातच होता’ अशा धर्तीची वाक्ये सहज येतात. वाक्य कौतुकाचे आहे, पण त्यात कवीची मेहनत नाकारलेली आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुसलमान घरात बोलली जाते ती दखनी, शाळा आणि बाजार असतो तो मराठीत. गझलेचे वृत्त, काफिया, रदीफ हे रक्तातून येत नाहीत, शिकावे लागतात. माधव जूलियनांनी ते शिकले, सुरेश भटांनी शिकले, इलाहींनीही शिकले. त्यांची मराठी साफ, बोलीच्या जवळची आहे. शेर पहिल्या ऐकण्यातच समजतो. हेच त्यांचे बळ आणि हीच त्यांची मर्यादा. मैफलीत दाद घेणारा शेर कागदावर कधी कधी हलका पडतो. हे आम्ही आदर राखूनच म्हणतो. कवीला मानकरी मानायचे तर त्याच्या कवितेत उजवे-डावे करावेच लागेल. ज्याच्याविषयी फक्त चांगलेच बोलले जाते तो कवी वाचला जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यापाशी येऊन हा विषय अवघड होतो. जन्म 1938 साली साताऱ्यात, आयुष्यभराचे काम सोलापुरात, 2018 साली निधन. राज्यशास्त्राचे प्राध्यापक, 1990 साली सोलापुरात भरलेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनामागचा एक प्रमुख माणूस. या पानांपर्यंत आलेली वाट त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पाडली. ‘भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि समाजरचना’ यांसारख्या पुस्तकांतून ते सांगत राहिले की मुसलमान हा एकसंध गठ्ठा नाही. त्यात जाती आहेत, प्रदेश आहेत, धंदे आहेत. हिंदुत्वाच्या मांडणीला त्यांनी विरोध केला, तसाच हमीद दलवाईंच्या मांडणीशीही वाद घातला. गायक सर्वांना चालतो, गझलकार चालतो. वाद घालणारा प्राध्यापक गौरवग्रंथाला अडचणीचा वाटतो. साताऱ्याच्या मानकऱ्यांत बेन्नूर सरांचे नाव किती ठिकाणी घेतले जाते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

सुरात आणि शेरात आमचे स्वागत होते, विचारात आम्ही दिसेनासे होतो. मुसलमानाने रंजन करावे, मीमांसा करू नये, अशी ही न लिहिलेली वाटणी आहे. ती मोडायची तर आपणच आपल्या विचारवंतांना वाचायला हवे, त्यांच्याशी भांडायलाही हवे. बेन्नूर सरांच्या मांडणीत बाईच्या प्रश्नाला किती जागा मिळाली, दलवाईंशी झालेल्या वादात आज काय टिकते, यावर आपल्या तरुणांनी लिहावे. मिरजेच्या कारागिरांच्या तोंडून त्यांच्या विद्येचा इतिहास उतरवून घ्यावा. इलाहींच्या गझलांची निवड करावी, तीही चोखंदळपणे.

गौरवग्रंथ निघत राहतील, त्यांत नावेही येत राहतील. पण एखाद्या गावाने आपल्या माणसाला खरोखर आपले मानले की नाही, हे त्याच्या नावाच्या कमानीवरून कळत नाही. त्या गावच्या वाचनालयात त्याचे पुस्तक आहे का आणि ते कोणी घरी नेते का, यावरून कळते.